दर हप्त्याला एक

वजन ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, असं मानणाऱ्या देशात माझी नणंद राहते. आमच्या नाशकात ही पद्धत अजून आलेली नाही. इथे भाजीवालीसुद्धा मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता "ताई, अंगानं भरल्या बरं का" म्हणते आणि वर कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट देते. लग्नाच्या हॉलमध्ये, बँकेच्या रांगेत, जिन्यात मागून चढता चढता, कुणीही आपलं मत नोंदवून जातं. विमा कंपनीच्या क्लेम खात्यात उभी हयात गेल्यामुळे माझी कातडी जाड झाली आहे. काटा तिचंही वजन धरतो, त्याला इलाज नाही.

तर ही नणंद गेल्या दिवाळीत न्यू जर्सीहून आली ती निम्मी होऊन. तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळायला उचललेला सासूबाईंचा हात तिला बघून हवेतच राहिला. पहिले दोन दिवस घरात नुसती कुजबुज. माझ्या नवऱ्याला तिची नोकरी गेल्याचा संशय, मला जावयाचा, सासूबाईंना थेट कॅन्सरचा. तिसऱ्या दिवशी तिनं फराळाच्या ताटलीतून एक चकली उचलली, मोडली, अर्धी खाल्ली आणि उरलेली अर्धी परत ताटलीत ठेवली. आमच्या घराण्यात अर्धी चकली परत ठेवणारा माणूस आजवर झालेला नाही. सासूबाई काही न बोलता उठल्या आणि देवघरात जाऊन बसल्या.

रात्री ओटा आवरताना तिनं मला सांगितलं. "वहिनी, मी इंजेक्शन घेतेय. आठवड्यातून एकदा, पोटावर. आईला एवढ्यात बोलू नको, तिला वाटेल मला शुगर झाली."

किती किलो गेले, किती पैसे गेले, असे माझे प्रश्न. तिला मात्र भलतंच सांगायचं होतं. "वजन उतरलं ते उतरलंच. पण वहिनी, डोक्यातला आवाज बंद झाला गं. दिवसभर चाललेला असायचा ना, आता काय खाऊ, मग काय खाऊ, फ्रिजमध्ये काय उरलंय? तिकडे त्याला फूड नॉइज म्हणतात. एक दिवस उठले आणि तो नव्हता."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. हा आवाज काही माणसांच्या डोक्यात नसतो, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं, तो सगळ्यांनाच येतो. सभ्य माणसं बोलून दाखवत नाहीत इतकंच. माझ्या डोक्यात तो सकाळी दात घासतानाच सुरू होतो. नाश्त्याला पोहे करायचे की काल रात्रीच्या पोळ्यांचा कुस्करा, यावर तिथे दोन्ही बाजूंनी वकील उभे असतात. अकरा वाजता माझ्यासमोर मृत्युदाव्याची फाइल उघडी असते, टेबलापलीकडे वारस डोळे पुसत बसलेला असतो, मी मनापासून गंभीर असते, आणि आत कुणीतरी विचारत असतं: रात्री भरली वांगी उरली होती ती डब्यात घातली का नवऱ्यानं खाल्ली? मी सहीसुद्धा त्या आवाजाच्या तालावर करते. दुपारी चारला तो चहाबरोबर काय, म्हणून विचारतो आणि रात्री अकराला फ्रिजच्या दारापर्यंत सोबत करतो.

नणंद परत गेली आणि मी वाचायला बसले. क्लेमची फाइल वाचायची सवय, त्यामुळे जाहिराती बाजूला ठेवून मूळ कागद शोधले.

प्रकार असा आहे. जेवण आतड्यात पोचलं की आतडं जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिनच्या कामाला लावतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि मेंदूला निरोप देतं की आता पुरे. अडचण इतकीच की हा निरोप्या रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतो. आमच्याकडे तेवढ्यात दुसरी पोळी पानात पडलेली असते आणि तिच्यावर तूपही. त्यामुळे हा निरोप माझ्या मेंदूपर्यंत कधी पोचला असेल, असं मला वाटत नाही.

मग या गोष्टीत सरडा येतो. अमेरिका आणि मेक्सिकोच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा एक विषारी सरडा आहे. हा प्राणी वर्षातून मोजक्याच वेळा जेवतो आणि चरबी शेपटीत साठवतो. साठवायची जागा मला त्यातल्या त्यात सोयीची वाटली, मागून येणाऱ्यानं काय ते बघावं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. जॉन एंग यांना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या सरड्याच्या विषात एक द्रव्य सापडलं. काम जवळजवळ आपल्या जीएलपी-१सारखंच, पण टिकायला चिवट. त्यावरून बनवलेलं औषध २००५ मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी मंजूर झालं; ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. पुढे डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीनं माणसाच्याच संप्रेरकात थोडे फेरफार करून सेमाग्लुटाइड तयार केलं, ते एकदा टोचलं की आठवडा निघतो. ओझेम्पिक आणि वेगोवी ही त्याचीच दोन नावं, पहिलं मधुमेहासाठी आणि दुसरं वजनासाठी. अमेरिकेच्या एली लिलीचं माउंजारो म्हणजे टिर्झेपाटाइड, ते एकाऐवजी दोन संप्रेरकांचं काम करतं.

सासूबाईंना तोवर सगळं कळलेलं होतंच. आमच्या घरात गुपित ठेवायची जागा नाही. सरड्याचा भाग मात्र मी त्यांना सांगायला नको होता.

"म्हणजे पालीचं विष टोचून घेते ती?"

"पालीचं नाही, आई. सरड्याचं. आणि आता सरड्याचंही नाही. हे यीस्टकडून बनवून घेतात."

"यीस्ट म्हणजे पावात घालतात ते?"

"तेच."

त्यांनी थोडा विचार केला. "पाव खाऊन कुणी बारीक झालेलं मी बघितलेलं नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या दृष्टीनं सगळ्या वैद्यकशास्त्राला एका वाक्यात निकालात काढलं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आनंद देणारा कागद म्हणजे सेमाग्लुटाइडची मोठी चाचणी, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली. १,९६१ माणसं, ६८ आठवडे. खरं औषध मिळालेल्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं आणि नुसत्या पाण्यासारखं इंजेक्शन मिळालेल्यांचं २.४ टक्के. आता गंमत बघा. आहाराचा आणि व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना सारखाच दिला होता, नियमितपणे, तज्ज्ञांकडून. म्हणजे औषधाविना नुसत्या सल्ल्याच्या वाट्याला आले अडीच टक्केसुद्धा नाहीत. माझ्या आयुष्यात मला मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांचं अखेर शास्त्रीय मूल्यमापन झालं होतं. तो आकडा मी चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवला आहे. लग्नात कुणी काकू "रोज गरम पाण्यात लिंबू-मध घे" म्हणाल्या की मी मनातल्या मनात २.४ म्हणते आणि हसून मान डोलावते.

सल्ले घेऊन झाले नाहीत असं नाही. महाराष्ट्रावर डॉ. जगन्नाथ दीक्षितांची लाट आली तेव्हा आमचं घर त्यात पुढे होतं. दिवसातून दोनदाच जेवा आणि ते ५५ मिनिटांत संपवा, हा त्यांचा नियम. आमच्याकडे त्याआधी जेवण बारा-पंधरा मिनिटांत उरकायचं. ५५ मिनिटं मिळताहेत म्हटल्यावर नवऱ्यानं ती पूर्ण वापरायचं ठरवलं. चाळिसाव्या मिनिटाला तो घड्याळाकडे बघून "अजून वेळ आहे" म्हणायचा आणि भात मागायचा. माझी जाऊ ऋजुता दिवेकरांच्या पक्षातली, थोडं थोडं पण वरचेवर, घरचं, तुपासकट. गणपतीत दोन्ही पक्ष एका पंगतीला बसले आणि मोदकांच्या बाबतीत संपूर्ण मतैक्य झालं. दोन्ही पद्धतींनी कुणाकुणाचं भलं झालं असेलच. आमचा दोष तज्ज्ञांमध्ये नव्हता, पंगतीत होता.

ऑफिसातही या औषधाची चाहूल लागली होती. आमच्या शाखेतले एक अधिकारी गेल्या पावसाळ्यानंतर दर महिन्याला पँट आतून घेऊ लागले. विचारलं की म्हणायचे, "गोदापार्कला चालतो ना रोज." गोदापार्कला निम्मं नाशिक चालतं, इतकं कुणी उतरलेलं नाही. पण सभ्यपणे आम्ही मान्य केलं. मग एका रविवारी सगळा स्टाफ मिसळ खायला गेला. नाशकात रविवारची मिसळ हे जवळपास धर्मकर्तव्यच आहे, पापड, दही, वर जिलबी आणि रस्सा मागाल तितका. पोरगा रस्सा घेऊन आला आणि साहेबांनी वाटीवर हात ठेवला. टेबलावर शांतता पसरली. नाशिकचा माणूस आजारी पडला तर मिसळीला येणार नाही. पण आला आणि त्यानं रश्श्याला नको म्हटलं, याला वैद्यकीय कारणाशिवाय दुसरं कारण असूच शकत नाही. शिपाई माझ्या कानाशी लागला, "मॅडम, आठवड्याचं का महिन्याचं?" त्यालाही भाव माहीत होते.

हे गृहस्थ कुणाला का सांगत नाहीत, ते मला नंतर कळलं. इंजेक्शनचं नाव निघालं की लोकांच्या चेहऱ्यावर एक भाव येतो. कॉपी करून पास झालेल्याकडे बघतात तो. "अहो, शॉर्टकट आहे तो. जरा मनावर घ्यायला हवं." माझा नवरा वर्षानुवर्षं रक्तदाबाची गोळी घेतो, त्याच्याकडे कुणी मनोनिग्रहाचा हिशेब मागितलेला नाही. जाड बाईनं मात्र घाम गाळूनच बारीक व्हावं, लोकांना दिसेल असा गाळावा आणि तरी जाडच राहावं, म्हणजे बघणाऱ्यांना बरं वाटतं. याबाबतीत माझं मत पक्कं आहे आणि ते बदलणार नाही.

नवरा या सगळ्यात फार मजेत होता, कारण तो बारीक. हातपाय काडीसारखे आणि मध्ये एक छोटंसं गाठोडं, पॉपलिनच्या शर्टात झाकलेलं. त्याचा बीएमआय २३च्या आत, माझा ३१.६. हा बीएमआय काढणारा माणूस, आदोल्फ केतले, बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होता. एकोणिसाव्या शतकात तो सरासरी माणसाच्या शोधात होता, जाड माणसाशी त्याला देणंघेणं नव्हतं. वजनाला उंचीच्या वर्गानं भागा, झालं. तेव्हा नवऱ्याला गप्प करायला मला पुण्याची मदत घ्यावी लागली. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये चक्क आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपला माणूस दिसायला बारीक आणि आतून जाड असतो, हे स्वतःचं पोट पुढे करून सांगणारा दुसरा पुणेकर माझ्या माहितीत नाही. मी शिवणाच्या डब्यातली टेप आणली. पुरुषांच्या कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर. नवऱ्यानं श्वास आत ओढला, मी थांबले. माणूस किती वेळ श्वास रोखू शकतो यालाही मर्यादा आहे. ९४ भरली. त्या दिवसापासून घरातलं संशोधन एकतर्फी राहिलेलं नाही.

मग डॉक्टरांकडे गेले. आमचे डॉक्टर शांत आहेत, टेबलावर जाहिरातीचं पेन ठेवत नाहीत. त्यांनी माझे रिपोर्ट पाहिले. एचबीएवनसी ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. गुडघे दोन्ही बोलके. आणि आईला मधुमेह होता. तिच्या शेवटच्या वर्षांत तिच्या पायाची जखम धुवायला मी रोज माहेरी जात होते. ती जखम मी डॉक्टरांना सविस्तर सांगितली आणि तिथे विनोद काही सुचला नाही.

"तुम्ही बसता यात," ते म्हणाले. "पण सगळं ऐकून घ्या." मळमळ, उलटी, जुलाब किंवा त्याच्या उलट, हे बऱ्याच जणांना होतं, विशेषतः सुरुवातीला आणि डोस वाढवताना. म्हणून वेगोवी ०.२५ मिलिग्रॅमपासून चालू करून दर चार आठवड्यांनी चढवत २.४पर्यंत नेतात. पित्ताचे खडे होऊ शकतात. क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, तेव्हा प्रोटीन वाढवायचं आणि डंबेल्स उचलायचे. म्हणजे खाणं सुटावं म्हणून इंजेक्शन घ्यायचं आणि इंजेक्शन घेतलं म्हणून मटकीची उसळ मोजून खायची.

"आणि घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर? मेड्युलरी प्रकारचा?"

हे मावशीला विचारावं लागणार होतं. मावशी आमच्या माहेरच्या सगळ्या दुखण्यांची नोंदवही आहे. मी फोन लावून साधा प्रश्न विचारला. उत्तर तास-दीड तास चाललं. थायरॉइडचा कुणाला नव्हता, पण बापूकाकांचं काय झालं, नानी का गेली, कुणाचं मूत्रपिंड आणि कुणाची अब्रू कशानं गेली, सगळं आलं. प्रत्येक मरणाच्या आदल्या रात्री त्या माणसानं काय खाल्लं होतं, हेही मावशीला पाठ. बापूकाका श्रीखंड खाऊन गेले. "पण अगदी समाधानानं गेले हो," ती म्हणाली.

डॉक्टरांना मी शेवटी विचारलं, "बंद केव्हा करायचं?"

ते खुर्चीत मागे टेकले. त्याच मोठ्या चाचणीतल्या काही लोकांकडे औषध थांबवल्यावर वर्षभर पुढे पाहिलं गेलं. उतरलेल्या वजनातलं सुमारे दोन तृतीयांश परत आलं होतं. "हा जुनाट आजार आहे, तसंच औषधही लांबचं धरून चला. पुढेमागे डोस कमी करता येईल कदाचित. पण बारीक झाले, आता सोडलं, असं नाही."

एवढं मला पुरेसं होतं. मी विमावाली आहे. हप्ता आयुष्यभराचा, थांबवला की पॉलिसी लॅप्स आणि हातात पेड-अप व्हॅल्यू एक तृतीयांश. अशी योजना मी स्वतः कुणाला विकली असती का? प्रामाणिकपणे सांगायचं तर हो, विकली असती. ज्याच्या घरात त्या जोखमीचा इतिहास आहे त्याला मी हीच योजना विकते आणि वर म्हणते, "साहेब, उशीर कशाला करता?" समोरच्या खुर्चीत बसल्यावरच हप्ता मोठा दिसतो.

आणि तो मोठा होताच. माउंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ला. एका आठवड्याला एक. जूनमध्ये वेगोवी आलं, त्याच्या सुरुवातीच्या डोसांना महिन्याला १७,३४५ रुपये. नोव्हेंबरात कंपनीनं भाव बराच उतरवला, तरी नवऱ्यानं आपला गुणाकार जुन्याच भावानं केला, कारण तो जास्त परिणामकारक होता. सव्वा वर्ष, महिन्याला सतरा हजार, आणि पंधरा टक्क्यांनी माझे उतरणार बारा किलो. "किलोला एकवीस हजार पडतात," तो म्हणाला. "काजू हजार-बाराशेला मिळतात." यातून त्याला नेमकं काय सुचवायचं होतं, ते मी विचारलं नाही.

माझा धाकटा भाऊ औषधांचा स्टॉकिस्ट आहे. त्याला फोन केला तर तो जवळजवळ ओरडलाच. "ताई, आत्ता घेऊ नको! सेमाग्लुटाइडचं पेटंट मार्चमध्ये संपतंय. आपल्या कंपन्या रांगेत उभ्या आहेत. भाव पडतील बघ." तो हे ज्या सुरात म्हणाला, त्या सुरात आमच्या घरात फक्त सोन्याबद्दल बोलतात. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. निर्णय घेण्यापेक्षा निर्णय पुढे ढकलायला एखादं आर्थिकदृष्ट्या शहाणपणाचं कारण मिळणं, हे मध्यमवर्गाला कुठल्याही इंजेक्शनाइतकं लागू पडतं. संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्या मी त्या आनंदात खाल्ल्या.

पैशांच्या आड मी जे लपवत होते ते वेगळंच होतं. नणंद निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी तिच्यासाठी अनारसे केले. तांदूळ भिजवण्यापासून सगळं स्वतः, ऐंशीच्या घरात, कंबर धरून. लहानपणी ती म्हणे डब्यातून चोरून खायची आणि जाळी पडलेली बाजू शेवटाला ठेवायची. तिनं एक खाल्ला, छान झालाय म्हणाली, आईला जवळ घेतलं. नंतर माझ्याशी बोलताना मात्र तिचा आवाज पडला. "वहिनी, तिकडे थंडीत मला या अनारशांची इतकी आठवण यायची की रडू यायचं. आता आठवतात, पण ओढ नाही. चव कळते, बोलावणं येत नाही." मी म्हटलं, मग वाईट वाटतं का? ती म्हणाली, "वाटायला पाहिजे असं वाटतं."

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. कारण माझ्या डोक्यातला आवाज त्रासदायक असला तरी तो मराठी बोलतो, माझ्या आईच्या आणि सासूच्या आवाजात बोलतो. माझा आणि सासूबाईंचा सगळा संवाद त्याच भाषेत झालेला आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात आम्ही एकमेकींशी खाण्यापलीकडे काही बोललो असू असं आठवत नाही, आणि आमचं भांडण मिटायचं तेही त्यांनी माझ्या पानात न मागता कोरड्या भाजीबरोबर कोशिंबीर वाढली की. पण गुडघ्यांना यातलं काही कळत नाही. ते जिन्यावर आपलं म्हणणं मांडतात. आईचा पाय धुतलेल्या हातांनाही कळत नाही.

तर घ्यायचं, असं जवळपास ठरलं. मग खरा वाद सुरू झाला: कुठल्या वारी?

आठवड्याचं इंजेक्शन म्हणजे एक वार पक्का करावा लागतो. नवरा म्हणाला, "सोमवारी घे. म्हणजे रविवारपर्यंत जोर ओसरेल आणि मिसळीला यायला मोकळी." त्याला सांगितलं की औषध तसं ओसरत नाही, आठवडाभर पुरतं, म्हणून तर आठवड्याचं. तो खट्टू झाला. मंगळवार गणपतीचा, त्या दिवशी सुई नको. शनिवार मारुतीचा, शिवाय अर्धा दिवस पाहुणे. सासूबाईंनी गुरुवार सुचवला. "दत्ताचा उपास असतोच आपल्याला. मळमळलं तरी वाया काही जाणार नाही." एकादशी नि दुप्पट खाशी, या न्यायानं आमच्या गुरुवारी साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वरीचे तांदूळ आणि बटाट्याचा कीस असतो, तेव्हा वाया बरंच काही जाऊ शकतं. पण मूळ मुद्दा बरोबर होता. गुरुवार.

फ्रिजमध्ये जागा करण्याचंही ठरलं. पेन सुरू करेपर्यंत दोन ते आठ अंशांत ठेवायचं, गोठू द्यायचं नाही. मागच्या बाजूला बर्फ धरतो, तिथे नको. वरच्या कप्प्यात साय, मधल्यात इडलीचं पीठ, खालच्यात खवलेलं खोबरं, दारात लिंबाचं लोणचं, आंबेहळद आणि नवऱ्यानं वितळू नये म्हणून ठेवलेली चॉकलेटं. आमच्या फ्रिजात भूक घालवणाऱ्या वस्तूला जागा मिळेना, कारण तो भूक लावणाऱ्या वस्तूंनी भरलेला होता. शेवटी सासूबाईंनी आपल्या मधुमेह नसलेल्या हातांनी श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन दिला. त्यावर अजून "केशर-इलायची" लिहिलेलं आहे.

मग नवऱ्यानं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. २०२६च्या मार्चमध्ये पेटंट संपणार होतं, त्याच सुमारास, १९ मार्चला, गुढीपाडवा, आणि वार गुरुवार! साडेतीन मुहूर्तांपैकी एक आणि तोही दत्ताच्या वारी. सासूबाईंनी हात जोडले. मी म्हटलं, "आई, पाडव्याला श्रीखंड-पुरी असते." त्यांनी जोडलेले हात सोडले. त्यानंतरचा गुरुवार २६ मार्च, रामनवमी. सुंठवडा असतो, तो मळमळीला चांगला, पण दुपारी जावेकडे जेवायला बोलावणं. त्याच्या पुढचा गुरुवार २ एप्रिल, हनुमान जयंती. नवरा म्हणाला, हनुमान जयंतीला तसं काही गोड नसतं. सासूबाई म्हणाल्या, "नसतं कसं? माझ्या माहेरी शिरा असायचा." आणि इतकी वर्षं कधी न झालेला तो शिरा या वर्षी करायचा ठरला.

९ एप्रिलच्या चौकोनात काही नव्हतं. ना सण, ना कुणाचा वाढदिवस, ना दूधवाल्याची खूण. मी पेन्सिलीनं बारीक फुली मारली.

सासूबाईंनी चष्मा लावून ती फुली पाहिली. मग बोटावर काहीतरी मोजलं.

"बरं. मग आठ तारखेला रात्री पुरण घालते," त्या म्हणाल्या. "नंतर तुला जायचं नाही."